शंका आली की ढग

त्याचं आडनाव ढगे नव्हतं. पण हवा निरीक्षण केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर त्याला सगळे ढगेसाहेब म्हणायचे, आणि हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा वरच्या कार्यालयातून त्याच्या बढतीचं पत्रसुद्धा 'श्री. ढगे' या नावाने आलं. पत्र परत गेलं, दुरुस्त होऊन यायला सात महिने लागले, आणि तोवर ती जागा दुसऱ्याने पटकावली. बायको म्हणाली, "जन्म ढगात काढला की असंच व्हायचं." तो हसला. मनाला लावून घेणाऱ्यांतला तो नव्हता, निदान तेव्हा तरी नव्हता.

काम सांगायला सोपं, करायला कंटाळवाणं. रोज दुपारी दीडच्या सुमारास एक उपग्रह शहरावरून जायचा आणि खालचं चित्र टिपून न्यायचा. पावणेचारला ते चित्र त्याच्या पडद्यावर उतरायचं. शहर आणि आसपासचा सगळा मुलूख तीन-तीन किलोमीटरच्या चौकोनांत कापलेला. जमिनीवरून वर परतणाऱ्या उजेडावरून हवेत धूळ-धूर किती याचं गणित व्हायचं. पण मधे ढग आला की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही, आणि ढगाचा पांढरेपणा धूर समजून गणित वाट्टेल तो आकडा देऊन बसतं. म्हणून ढग आधी वेचून काढायचे, धान्यातले खडे काढावेत तसे. संगणक संशयित चौकोनांवर तिरप्या रेघा मारून द्यायचा. ढगेसाहेब एकेक चौकोन नजरेखालून घालायचा आणि निर्णय द्यायचा. ढग, किंवा ढग नाही. एकदा ढग म्हटलं की त्या चौकोनाचा त्या दिवसाचा आकडा गळाला. महिन्याची सरासरी उरलेल्या दिवसांवर निघायची. असे साठ-सत्तर चौकोन रोज, आणि अहवाल पाचच्या आत.

त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर पहिल्या साहेबांच्या हातची एक पाटी होती: 'शंका आली की ढग.' त्या साहेबांनी कधीकाळी धुक्याला धुळीचं वादळ समजून शहरभर इशारा दिला होता. शाळा सोडल्या, दुकानं बंद झाली, लोक तोंडाला फडकी बांधून घरात बसले, आणि दुपारी लख्ख ऊन पडलं. वर्तमानपत्रांनी साहेबांची अशी काही रेवडी उडवली की दुधाने तोंड पोळलेला तो माणूस पुढे जन्मभर ताक फुंकून प्याला. साहेब गेले, पाटी राहिली. ढगेसाहेबाने एकोणीस वर्षांत एकदाही खोटा इशारा जाऊ दिला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो खुर्ची फिरवून ती पाटी दाखवायचा. "एवढं पाठ करा. बाकीचं मी शिकवतो."

त्याला एक मोठी बहीण होती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ताई सतराची. तिने त्याला अंघोळ घातली, अभ्यासाला बसवलं, खोटं बोलला म्हणून दोनदा बदडलं, आणि स्वतःचं लग्न चार वर्षं पुढे ढकललं. ती त्याला धाकट्या म्हणायची. केस पांढरे झाले तरी तो धाकट्याच होता. लग्नानंतर ताई आणि तिचा नवरा शहराच्या सखल टोकाला घर बांधून राहिले. दोन खोल्या, वर गच्ची, खालच्या खोलीत तिची तीन शिलाई मशिनं. नवरा गेला, मुलगी परगावी नांदायला गेली, ताई मशिनांपाशी राहिली.

घराच्या पलीकडे चुन्याच्या भट्ट्या आल्या. आधी दोन होत्या, बघता बघता नऊ झाल्या. आत ओला भुसा जाळायचे, कारण तो फुकट मिळे. सकाळी अकराला भट्ट्या भरायच्या, आणि एक-दीडपर्यंत वर असा पांढरा दाट धूर साचायचा की पलीकडची चिमणी दिसेनाशी व्हायची. थंडीत तो वर जायचंच नाव घेत नसे. ताईच्या दोरीवरचे कपडे पांढरे, खिडकीची कड पांढरी, शिवलेल्या झबल्यांवर पांढरी पूड. ताई म्हणायची, "लोकांना कधीतरी कोणी चुना लावतं, मला रोज लावतात." आणि स्वतःच हसायची, आणि हसता हसता खोकायची.

चार वर्षांपूर्वी घराला गिऱ्हाईक आलं होतं. मुलगी मागे लागली होती, आई, विक आणि ये इकडे. ताईचं मन धजत नव्हतं. तिने भावाला फोन केला.

"धाकट्या, तू वरून बघतोस. मला खरं काय ते सांग. इथली हवा खरंच वाईट आहे का, की माझी पोरगी उगाच घाबरवतेय?"

त्याने तिच्यासमोरच, म्हणजे फोन कानाशी धरूनच, तिचा चौकोन काढला. दोनशे अठरा नंबरचा. सगळ्या वर्षाची सरासरी. पडद्यावर शब्द आला: मध्यम.

"मध्यम आहे ताई."

"मध्यम? अरे, मला समोरची भिंत दिसत नाही."

"डोळ्यांवर जाऊ नकोस. डोळ्यांना धूर दिसतो, प्रमाण दिसत नाही. मी एका दिवसाचं नाही, वर्षाचं सांगतोय."

हे वाक्य बोलताना त्याला बरं वाटलं होतं. ज्या बहिणीने बेरीज-वजाबाकी शिकवली तिला आपण आज काहीतरी पक्कं सांगू शकतो, असं वाटलं होतं. ताईने गिऱ्हाईक परत पाठवलं. गल्लीत कोणी भट्ट्यांबद्दल कुरकुर केली की ती ठणकावून सांगायची, "माझा भाऊ आभाळातून लक्ष ठेवून आहे. काही असतं तर त्याने सांगितलं असतं."

यंदाच्या थंडीत ताई जिना चढताना अर्ध्यावर बसली ती उठेचना. शेजारणीने फोन केला. ढगेसाहेबाने नोकरीत पहिल्यांदाच सलग आठ दिवसांची रजा टाकली. छातीच्या डॉक्टरांनी चित्र उजेडासमोर धरून दाखवलं. दोन्ही फुफ्फुसांचा खालचा भाग जाड झाला होता, हवा घ्यायच्या कामाचा राहिला नव्हता. "गेलं ते परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलंय ते सांभाळा. किती वर्षं राहतात भट्ट्यांजवळ?" त्याने सांगितलं. डॉक्टरांनी लिहायला घेतलं.

रजेच्या तिसऱ्या दिवशी ताईला डोळा लागला म्हणून तो कपडे काढायला गच्चीवर गेला. दुपारचा दीड वाजला होता. सवयीने त्याने वर पाहिलं. तिन्ही बाजूंना टेकड्यांपर्यंत आभाळ निळंशार होतं, कापसाएवढासुद्धा ढग नव्हता. चौथ्या बाजूला भट्ट्यांवर पांढरा थर बसला होता, वरून सपाट, कडांना फाटलेला. वरून बघणाऱ्याला हा कसा दिसत असेल, असं सहज त्याच्या मनात आलं. आणि उत्तर मिळायला त्याला जरासुद्धा वेळ लागला नाही, कारण एकोणीस वर्षं त्याने तेच तर पाहिलं होतं. तो कपडे तसेच दोरीवर सोडून खाली आला आणि बूट घालू लागला.

केंद्रात त्याच्या खुर्चीवर आकडेवाल्या बाई बसल्या होत्या. सरासऱ्या काढणं हे त्यांचं मूळ काम. तो रजेवर असला की ढगही त्या बघत. पावणेचारचं चित्र नुकतंच आलं होतं. दोनशे अठरावर तिरप्या रेघा होत्या, आणि बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत कळ दाबली. ढग.

"हा ढग नाही," तो म्हणाला.

"पांढरं आहे सर. कडा फाटलेल्या आहेत. संगणकही ढगच म्हणतोय."

"मी आत्ता त्याच्या खाली उभा होतो. धूर आहे तो. भट्ट्यांचा."

बाई गोंधळल्या. मग जरा दुखावल्यासारख्या म्हणाल्या, "सर, तुम्हीच शिकवलंत. शंका आली की ढग."

त्याने खुर्ची ओढून घेतली. एक चित्र उजेडाचं असतं तसं एक उष्णतेचंही असतं. ढगाचा माथा गार असतो, कारण तो उंच असतो. जमिनीलगतचा धूर जमिनीइतकाच कोमट. हे चित्र एक कळ दाबली की उघडायचं, पण दर चौकोनामागे उघडायला चार मिनिटं घ्यायचं. साठ चौकोन आणि पाचची मुदत, यात चार मिनिटं कुठून आणायची? नोकरीच्या पहिल्या वर्षी तो ते उघडत असे. मग सोडून दिलं. कोणी विचारलं नाही, त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

आता उघडलं. दोनशे अठरा कोमट होता.

मग तो मागे जाऊ लागला. काल कोमट होता. परवाही कोमटच. गेली थंडी, त्याच्या आधीची थंडी. गेल्या थंडीच्या एकशे वीस दिवसांपैकी त्र्याऐंशी दिवस दोनशे अठरावर ढग होता. शेजारच्या चौकोनात, तेवढ्याच आभाळाखाली, अकरा दिवस. उरलेले सदतीस दिवस कुठले, ते त्याने पंचांग उघडून जुळवलं. आठवड्याच्या सुट्टीचे, जेव्हा भट्ट्या बंद असत, आणि काही सोसाट्याच्या वाऱ्याचे. म्हणजे भट्ट्या पेटलेल्या असत तो दिवस ढग म्हणून गळायचा, आणि भट्ट्या विझलेल्या असत त्या दिवसाची हवा मोजून तो सगळ्या वर्षाला मध्यम म्हणायचा. धूर जितका दाट, तितका तो अहवालातून पक्का नाहीसा. रजेचे मोजके दिवस सोडले तर या पानांवर दुसऱ्या कोणाची सही नव्हती. बाकी प्रत्येक ढगापुढे त्याचीच आद्याक्षरं होती.

तो उठून नळापाशी गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

दुसऱ्याच दिवशी त्याने ताईला आपल्या घरी आणलं. "दवाखाना जवळ पडेल," एवढंच सांगितलं. खरं सांगायला जीभ रेटली नाही. त्याने स्वतःची अशी समजूत घातली की नुसती कबुली घेऊन जाण्यापेक्षा काहीतरी हातात घेऊन जावं. भट्ट्यांचे परवाने पाच वर्षांनी नवे होत, आणि ती बैठक महिन्यावर आली होती. केंद्राच्या दाखल्यावरच परवाने मिळत. आपण चूक लेखी द्यायची, खरे आकडे मांडायचे, भट्ट्या बंद करवायच्या, आणि मग ताईला सांगायचं: चुकलो, पण निस्तरलंही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कोणी नसतो.

तीन आठवडे तो एकेक जुना दिवस पुन्हा काढत होता. मूळ चित्रं भांडारात शाबूत होती. ढगाचा शिक्का काढून गणित नव्याने चालवायचं, उष्णतेचं चित्र जोडायचं. त्र्याऐंशीपैकी एकसष्ट दिवसांचा आकडा हवेची प्रत दाखवणाऱ्या रंगीत पट्टीच्या शेवटच्या रंगात गेला. त्या रंगाला 'घातक' म्हणतात. त्यापुढे पट्टीच नाही.

सध्याच्या साहेबांनी कागद वाचले आणि दार लावून घेतलं.

"ढगेसाहेब, आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? पुढच्या वर्षापासून पद्धत सुधारू या. जुनं उकरायचं काय कारण?"

"जुन्यातच लोक राहत होते, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने कागद अडवले नाहीत. फक्त सोबतच्या पत्रावर सही केली नाही.

इकडे घरी मागच्या खोलीत ताईच्या उशाशी हवेचं यंत्र दिवसभर घुरघुरायचं. नाकात नळी. आंघोळीला जायचं तरी दोनदा बसून घ्यावं लागे. आणि तरी ती रोज तेच म्हणायची, "मला माझ्या घरी सोड रे. मशिनांना गंज चढेल. तिथली हवा तर चांगलीच आहे, तूच म्हणतोस." तो काहीतरी पुटपुटून बाहेर यायचा. स्वयंपाकघरात बायको त्याच्याकडे नुसती बघायची. तिला त्याने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं.

परवाना समितीच्या बैठकीला पाच सदस्य होते, आणि अध्यक्षबाई. भट्टीवाल्यांचा एक वकील कोपऱ्यात बसला होता. त्याला तोंड उघडायची गरजच पडली नाही. ढगेसाहेबाने उभं राहून वाचून दाखवलं. वर्षानुवर्षं मी धुराला ढग म्हणत आलो, असं पहिलंच वाक्य होतं. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या प्रामाणिकपणाची समिती नोंद घेते," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, हे नवे आकडे काढले कोणी?"

"मीच."

"म्हणजे ज्यांनी चूक केली त्यांनीच. आणि त्या चौकोनात तुमच्या बहिणीचं घर आहे, असं समजतं."

"आहे. म्हणूनच तर कळलं."

एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "पद्धत बदलली की जुने आणि नवे आकडे एका रांगेत बसत नाहीत. तुलना होणार कशी? निदान तीन वर्षांची सलग मोजणी हवी."

"तीन वर्षं?"

"नियम आहे. तोवर परवाने तात्पुरते चालू ठेवावे लागतील. जुना दाखला मध्यमचाच आहे ना."

त्याला ओरडावंसं वाटलं. तो ओरडला नाही. एकोणीस वर्षं त्या इमारतीत ओरडण्याची त्याला सवयच लागली नव्हती. "तीन वर्षांत तिथली माणसं..." एवढं बोलून तो थांबला, आणि कारकुनाने तेवढंही लिहून घेतलं नाही. ठराव झाला. पाटी काढायची, उष्णतेचं चित्र सक्तीचं करायचं, मोजणी तीन वर्षं. ढगेसाहेबाला ढगांवरून काढून भांडारात बसवायचं. मुद्दा संपला, पुढचा विषय घेतला.

चार वाजता तो घरी आला. बायकोने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहिला.

"आज सांगताय का? नाहीतर मी सांगते," ती हळूच म्हणाली. "त्या मघापासून पिशवी भरून बसल्यात. उद्या घरी जायचं म्हणतात."

तो मागच्या खोलीत गेला. पलंगावर खरंच पिशवी भरलेली होती, वर घडी घातलेलं लुगडं. ताईने त्याला बसायला जागा करून दिली. तो बसला आणि सांगू लागला. आधी उपग्रह, चौकोन, रेघा असं लांबून लांबून सुरू केलं. ताई म्हणाली, "धाकट्या, सरळ बोल." मग तो सरळ बोलला. भट्ट्यांच्या धुराला मी ढग म्हणत होतो. धूर असायचा ते दिवस मीच पुसत होतो. उरलेल्या दिवसांना मध्यम म्हणत होतो. आता भट्ट्या बंद करायला गेलो, तर तीन वर्षं थांबा म्हणाले. माझ्या हातात काही नाही.

यंत्र घुरघुरत होतं.

"गिऱ्हाईक आलं होतं, तेव्हा मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा कशी होती?"

"अशीच. वाईट. घातक."

"आणि तू मला म्हणालास, डोळ्यांवर जाऊ नकोस."

त्याने मान खाली घातली. तिने थोबाडीत मारावी, लहानपणी बदडलं तसं बदडावं, निदान चार शब्द सुनवावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले.

ताईने बोलायला तोंड उघडलं, श्वास पुरला नाही, म्हणून पुन्हा मिटलं. छाती दोनदा वरखाली झाली. मग थांबत थांबत ती म्हणाली, "तुझा राग आलाय मला. फार आलाय. पण भांडायलासुद्धा दम लागतो रे. तेवढा नाही राहिला माझ्याकडे."

तिने नळी नाकाशी नीट बसवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.